अर्ध्या युनिटची वही

दाल बाजारात माझं काम तोलाचं.
मसूर, हरभरा, उडदाची पोती
काट्यावर चढतात, उतरतात.
शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले
तर शेठजी सोडून देतात.
घरी मी अर्ध्या युनिटसाठी भांडतो.

शाल्मली आठ वर्षांची.
आज पोटाची डावी बाजू, उद्या उजवी,
मग मांड्या, मग दंड.
तिला वार आठवत नाही
पण पाळी कुणाची ते बरोबर सांगते.

पहिल्या पानावर जुनं साधं इन्सुलिन.
टोचा आणि अर्धा तास थांबा.
अर्ध्या तासात फुलके चिवट होतात,
वरणावर साय येते,
खाली रिक्षावाला दोनदा भोंगा वाजवतो.
त्या अर्ध्या तासात
मी एक हत्ती किल्ल्यावर चढवायला घेतला.
हत्तीपोळ ओलांडून, वरचा निळा महाल बघून,
सोंडेत गजक धरून
तो पुन्हा खाली यायचा, तेव्हा ताट वाढलेलं असायचं.
(गजक हत्तीनंच खावी. साखर खाली गेली
तर तिला नुसती साखर, चमचाभर, पाण्यात.
तीळ आडवे येतात, वेळ लावतात.)

मग आली वेगवान इन्सुलिनं.
लिस्प्रो, अस्पार्ट. दूरच्या लग्नात भेटलेल्या
मावसभावांची असावीत अशी नावं.
पंधरा मिनिटं पुरतात, गर्देबाई म्हणाल्या.
कुठलं चांगलं, मी विचारलं.
त्या म्हणाल्या, तुम्हीच बघा, तोलारी आहात.

त्यांना विचारूनच ठरवलं.
एक महिना हे, एक महिना ते.
नाश्ता तोच. दोन फुलके, वाटीभर मूग,
अर्धं केळं वजन करून.
दोन तासांनी बोटाला सुई.
रेघा मारल्या, बेरजा केल्या, भागाकार केला रात्री,
सगळे झोपल्यावर.
एकीकडे एकशे अडुसष्ट.
दुसरीकडे एकशे सहासष्ट.
मी पुन्हा मांडलं.
दांडी जागची हलेना.

गर्देबाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, बघा बाजारात कुठलं नेमानं मिळतं,
कुठलं खिशाला झेपतं,
मेमध्ये तुमच्या लश्करात वीज गेली की कुठे ठेवाल.
कुठे म्हणजे?
मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं,
त्यात कुपी, वर ओला पंचा.
बायको दर दोन तासांनी हात घालून बघते,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं.

वहीत पेन्सिलीनं तिसरा रकाना निघाला.
मी पाडला नव्हता.
हे झोंबतं.
हे कमी झोंबतं.
हे झोंबतं पण पेन निळा आहे.
शाळेत थांबावं लागतं तेव्हा अद्वैत माझी पुरी खातो.

म्हणून आता तिसरं.
दोन मिनिटांत जेवा म्हणतात,
जेवण संपल्यावर टोचलं तरी चालेल, काही दिवशी,
डॉक्टरांना विचारून.
मुलं किती खातील हे आधी कुणाला ठाऊक असतं?
महाग आहे. पण आता डब्याच्या सुट्टीत
ती सगळ्यांबरोबर झाकण उघडते.

काल सकाळी टोचलं, आठ वाजून दोन मिनिटं.
आठ वाजून चारला तिनं घास घेतला.
मी सवयीनं म्हणालो, तर हत्ती निघाला…
तोंडात फुलका, ती म्हणाली,
बाबा, भोंगा वाजला.
मग जिन्यावरून परत येऊन,
रविवारी जुनं वालं देशील?
अर्धा तासवालं?

नाही म्हणालो. औषध असं बदलता येत नाही.
ती गेली.
वहीत वेळ लिहिली, मात्रा लिहिली,
केळ्याचं वजन लिहिलं.
हत्तीसाठी रकाना नाही.
तो हत्तीपोळाखाली उभा आहे,
एक पाय उचललेला.